दोन दसऱ्यांची मुदत

मी टर्नर होणार असं ऐरणीवर हात ठेवून म्हणालो, तेव्हा लेथ मशीन मी डोळ्यानं पाहिलेलंही नव्हतं. नुसतं ऐकलेलं होतं. चाकणच्या बाजारात एक जण सांगत होता, पिंपरीला मुंबई रस्त्याच्या कडेला शेडी उभ्या राहिल्यात, तिथं लोखंड काकडीसारखं सोलतात आणि सोलणाऱ्याला घाम येत नाही. मला ते खोटं वाटलं. आणि हवंसंही वाटलं.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो. हे लिहितोय ते माझं मीच लिहितोय, कुणाकडून लिहवून घेत नाही. चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं, मला सांगायला येऊ नये.

आम्ही निघोज्याचे लोहार. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती, पण गावात लोहाराचं स्वातंत्र्य म्हणजे खळ्यावर कुणाच्या मागं उभं राहायचं एवढंच. वर्षभर गावाचे फाळ, विळे, कुऱ्हाडी, गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा करायच्या आणि सुगीला एकेकाच्या खळ्यावर जाऊन धान्यासाठी थांबायचं. त्या फाल्गुनात मी वडिलांबरोबर एका खळ्यावर गेलो. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मालक घोंगडीवर बसले होते. सुताराला दिलं, चांभाराला दिलं, गुरवाला दिलं. आमची पाळी येईना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी खळं झाडून काढलं आणि झाडून जे निघालं, ते माती-खड्यांसकट दादांच्या उपरण्यात टाकलं.

"चाळून घे रं लोहारा. तुझ्या सुनंला तेवढंच काम."

खळ्यावरचे हसले. दादाही हसले. मालकाचा मला राग आला नाही एवढा दादांच्या त्या हसण्याचा आला.

घरी आलो आणि ऐरणीवर उजवा हात ठेवला. आमच्यात ऐरणीला पाय लावत नाहीत, आणि तिच्यावर हात ठेवून बोललेलं मागं घेत नाहीत.

"दादा, आजपास्नं दोन दसऱ्यांच्या आत मी टर्नर हुईन. पिंपरीत मशीनवर हुबा ऱ्हाईन. खळ्यावर न्हाई."

दादा उपरण्यातले खडे वेचत होते. "टर्नर म्हंजी काय रं?"

"लोखंड सोलतो त्यो."

"सोलतो? मंग शिजवतो कोन?"

मी हात काढला नाही. दादांनी बघितलं, की हा हसण्यावारी नेणार नाही. ते उठून आले.

"आन न्हाई झालास तर?"

"तर ह्या भात्यापाशी बसन. मरंस्तवर वढीन. तोंडातनं शबूद काडनार न्हाई."

दादांनी माझा हात मनगटाला धरून ऐरणीवर दाबला. म्हणाले, "मंग माझं बी ऐक. टर्नर हुईस्तवर ह्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई. सनाला न्हाई, मयताला न्हाई. माझ्या मयताला बी न्हाई."

"न्हाई येत."

"जा मंग."

दोघंही एकाच हाडाचे. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी नदी ओलांडली.

एक गोष्ट मात्र त्या रागात आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नाही. लोहारकाम एकट्याचं नसतं. एकानं डाव्या हातात सांडशी घेऊन तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचं, उजव्या हातातल्या लहान हातोडीनं टक् करून जागा दाखवायची, आणि समोरच्यानं त्या जागी दोन्ही हातांनी घण घालायचा. टक्, धाड. टक्, धाड. आई होती तोवर घण आई घालायची. आई गेल्यावर मी घालायला लागलो. मी गेल्यावर कोण घालणार?

ऐरणीपाशी हे सगळं चाललेलं, तेव्हा दाराआड माझी बायको उभी होती. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. तिला कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच नाही.

पिंपरीच्या शेडीत चार लेथ होते. वर आढ्याला एक लांब दांडा फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली येऊन चारी मशीन चालवायचे. शेठनं विचारलं, "काय येतं?" मी म्हणालो, "लोखंड." शेठ हसला आणि हातात झाडू दिला. लेथखाली पडलेला लोखंडाचा बुरा झाडायचा, पट्ट्यांना मेण लावायचं, तेल आणायचं. कासारवाडीत एका साताऱ्याकडच्या कुटुंबाच्या पडवीत झोपायची सोय झाली.

पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पुढच्या दसऱ्याच्या पुढचा दसरा. त्या कोपऱ्यातल्या मशीनची पूजा मी करणार. माझं मशीन म्हणून."

त्या दिवसापासून माझं नाव टर्नरसाहेब पडलं. "टर्नरसाहेब, झाडू घ्या." "टर्नरसाहेब, तेवढी मोरी तुंबली बघा." मी झाडू घ्यायचो, मोरी काढायचो. एकाही दिवशी हसलो नाही. हसणारा माणूस कसा दिसतो ते मी खळ्यावर बघितलेलं होतं.

कोपऱ्यातल्या मशीनवर एक म्हातारे मुसलमान मिस्त्री होते. खडकीच्या कारखान्यात हयात घालवून इथं आलेले. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी कधी मायेनं शिकवलं नाही. चुकलं की हातातल्या कानशीच्या दांड्यानं बोटांच्या पेरांवर मारायचे, आणि बरोबर आलं तर काही बोलायचे नाहीत. माझं झाडून झालं की मी त्यांच्यामागं उभा राहायचो. चार महिन्यांनी त्यांनी मला टूल घासायला दिलं, सहा महिन्यांनी भंगारातल्या तुकड्यावर हात फिरवू दिला.

आमच्या गावचा एक गाडीवान चाकणचा कांदा-बटाटा पुण्याला न्यायचा. जाता-येता शेडीच्या दारात गाडी थांबवायचा. घरचं कळायचं ते त्याच्याकडून. पहिल्या पावसाळ्याच्या आधी त्यानं सांगितलं, "तुझी बायकू घन घालती आता."

"दादांच्या म्होरं?"

"मंग काय भिताडाम्होरं? पदर ह्या हितवर वढलेला," त्यानं नाकाखाली बोट ठेवलं, "आन आवाजावर घन. म्हाताऱ्यानं टक् केलं की हिनं धाड. बगायला गाव जमतं राव."

आमच्यात सुनेनं सासऱ्याला तोंड दाखवायचं नाही आणि सासऱ्यानं मान वर करून सुनेकडं बघायचं नाही. घरात ते चालून जातं. पण दादांना आणि तिला लालभडक लोखंडाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं राहूनही तसंच चालवायचं होतं. दादा खाली लोखंडाकडं बघत, ती पदराच्या आत. एकाच्याही मनात आलं नाही, की निदान घण घालताना पदर वर घ्यावा. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं नाही.

गाडीवान म्हणाला, "तिनं निरोप दिलाय. घन जड हाय म्हनली."

"अजून काय म्हनली?"

"तेवडंच."

मी म्हणालो, "सवयीनं हलका हुतो म्हनावं."

गाडीवान बैलांना शिव्या देत निघून गेला. त्या शिव्या कुणाला होत्या ते मला कळत होतं.

थंडीत शेठनं माझी परीक्षा घेतली. लोखंडाची एक दांडी लेथवर अशी कातायची, की पितळेच्या बुशात, म्हणजे आखूड नळीत, ती हातानं ढकलल्यावर सरकत जाऊन बसली पाहिजे. मी कातली. पण लहानपणापासून दादांनी एकच शिकवलेलं, लोखंड कमी पडलं तर जोडता येत नाही, जास्त ठेवलं तर ठोकून बसवता येतं. हात आपोआप तेच करतो. मी दांडी जराशी जाड ठेवली. बुशात घातली, अर्ध्यावर अडकली. आणि सगळ्या शेडीच्या देखत मी बाकावरची हातोडी उचलून वर एक ठोका दिला.

बुश उभा चिरला.

शेठ म्हणाला, "ही काय बैलगाडीची धाव आहे काय रे?" की झालं. सगळे हातातले पाने लोखंडावर बडवायला लागले. टक्, धाड. टक्, धाड. "लोहार! लोहार!" पट्टे थांबवून हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी तो चिरलेला बुश उचलला, माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवली. म्हणाले, "रख. रोज देखना."

शेठ मला हाकलूनच देणार होता. चाचांनी त्याला बाजूला नेलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. येऊन म्हणाले, "एक बार और. पावसाच्या आधी. त्यानंतर माझ्याकडं बघायचं नाही."

त्यानंतरचे सहा महिने मी माणसासारखा जगलो नाही. चाचांनी माझ्या आसपासची प्रत्येक हातोडी उचलून कपाटात घातली. मोजायचं कसं ते शिकवलं. सिगारेटचा कागद म्हणजे एक थाउ, इंचाचा हजारावा भाग. डोक्याचा केस दोन-तीन थाउ. डोळे मिटून मी दांडीवरून बोट फिरवायचो आणि कुठं केसाएवढं जास्त आहे ते सांगायचो. चुकलं की पेरांवर दांडा. पडवीत निजताना मी आपलेच केस उपटून दोन बोटांत चोळत बसायचो. जेवताना भाकरी डाव्या हातानं खायचो, उजव्याची बोटं भाकरीनं राठ होतात असं माझ्या डोक्यात बसलं होतं. घर, बायको, बाप, काही आठवायचं नाही असं मी ठरवलं होतं. आणि मी ठरवलं की होतं.

ज्येष्ठ लागला. परीक्षा सोमवारची ठरली. त्याच्या आधीच्या गुरुवारी भरदुपारी गाडीवान शेडीत शिरला. गाडी नाही, बैल नाहीत, चालत आलेला.

"चल. तुझ्या बाचा हात गेला."

"गेला म्हंजी?"

"घनाखाली आला. डावा. सांडशी धरल्याली तसाच चेंदला. तुझ्या बायकूचा घन फाळावर पडायचा त्यो हातावर पडला. डोळ्यावर पदर, काय दिसनार बिचारीला."

चाचांनी पट्टा सरकवून मशीन थांबवलं.

"दवाखान्यात?" मी विचारलं.

"नेलं ना. तीन बोटं काडली. आन तुझ्या दारात गावाचे फाळ पडल्यात ढिगानं. पेरनी तोंडावर आली. तू येऊन ते शेवटून दिलंस तर भलं, न्हाई तर गाव दुसरा लोहार आननार. येकदा दुसरा बसला की तुझ्या बाची ऐरन गेली. चल."

झिजलेल्या फाळाला तापवून, ठोकून पुन्हा टोक काढायचं, त्याला फाळ शेवटणं म्हणतात. चार दिवसांचं काम होतं.

"सोमवारी परीक्षा हाय," मी म्हणालो.

"आरं बाप हाय का कोन हाय त्यो तुझा?"

"बापानंच सांगितलंय, मयताला बी येऊ नगं. हे तर मयत बी न्हाई."

गाडीवानानं माझ्या पायाजवळ थुंकलं. तो गेल्यावर चाचा म्हणाले, "जा बेटा. मशीन कुठं पळून जात नाही." त्यांनी मला बेटा म्हटलेलं ते पहिलंच.

मी म्हणालो, "शेठ तिसऱ्यांदा देणार नाही."

चाचा मशीनकडं वळले. मग पट्टा परत सरकवला. त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत ते माझ्याबरोबर जेवायला बसले नाहीत.

सोमवारी मी दांडी कातली. तेल लावून बुशाच्या तोंडाशी धरली आणि एका बोटानं ढकलली. आतली हवा हळूच बाहेर आली, फुस्स, आणि दांडी जागेवर जाऊन बसली. शेठनं ती काढली, उलटी घातली, परत काढली. "चांगलंय," म्हणाला. कुणी मला टर्नरसाहेब म्हटलं नाही, म्हणायची सोयच उरली नव्हती. चाचांना कोपऱ्यातलं मशीन सोडायचंच होतं, डोळे गेलेले. मशीनची किल्ली हातात देताना म्हणाले, "काम पक्कं झालं तुझं." आणि बाकीचं बोलले नाहीत.

मी तेव्हाही घरी गेलो नाही. उंबरा मोकळा झाला होता, तरी गेलो नाही. दसरा म्हणालो होतो, दसऱ्यालाच जाणार. चार महिने मी रोज मशीन पुसलं, शेठनं दिलेली खाकी चड्डी-सदरा रोज धुतला, आणि दसऱ्याला सगळ्यांसमोर त्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मग कपाळावर कुंकू तसंच ठेवून निघोज्याला चालत गेलो. वाटेत जो भेटेल त्याला सांगत गेलो, टर्नर झालो.

घराजवळ आलो तर ठोक्याचा आवाज येत होता, पण आमच्या घरातून नव्हे. गावानं दुसरा लोहार आणून पलीकडच्या आळीत बसवला होता. आमचा भाता भिंतीला टांगलेला. दादा बाहेर बाजेवर बसले होते, डावा हात मांडीवर. हात कसला, अंगठा आणि एक बोट.

"झालास?"

"झालो."

"मंग ये आत."

मी उंबरा ओलांडला. बायकोनं पाणी दिलं, ताट वाढलं. पदर तसाच नाकापर्यंत. दादांना मी परीक्षेचं सगळं सांगितलं, केसाएवढं, कागदाएवढं, फुस्स झालं ते. दादा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हिला घिऊन जा."

"आन तुमाला भाकर कोन घालंल?"

"माझं मी बगीन. आजच ने. हिला हितं ठिवू नगं."

ते तिच्याकडं बघत नव्हते. ती रीतच होती, म्हणून मला त्यात वेगळं काही दिसलं नाही. मला वाटलं, म्हातारा माझ्यापुढं वाकला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

ती गाठोडं डोक्यावर घेऊन माझ्यामागं चालत होती. नदीच्या उतारापाशी आलो. पाणी मांडीएवढं होतं. तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि पदर मागं सारला. एकोणीस महिन्यांनी मी तिचं तोंड बघत होतो. रापलेलं होतं, आणि खांदे माझ्यासारखे झाले होते.

म्हणाली, "त्या दिशी मला दिसत व्हतं."

"काय दिसत व्हतं?"

"हात. पदर वर केल्याला मी. मामंजी कुठं वर बगत्यात? त्यांनी टक् केलं फाळावर. मी बगून घातला, हातावर."

मला पाण्याचा आवाज येईनासा झाला. "का?"

"घन थांबावा म्हून. घन थांबला तर तुमी याल, आसं वाटलं. घन जड हाय म्हून सांगून बगितलं व्हतं मी."

"आन मी आलो असतो तर? परीक्षा बुडली असती माझी."

"मंग बुडली असती."

मी हात उचलला. हेही लिहितो, लिहायला बसलोय तर. ती मागं सरली नाही. "मारा," म्हणाली. "सव्वा वरीस घन घातलाय. तुमचा हात किती जड असंल?"

माझा हात आपसूक खाली आला. मी विचारलं, दादांना ठाऊक आहे का.

"घन पडला तवा त्यांनी वर बगितलं. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा माझं तोंड बगितलं त्यांनी, उघडं. वरडले न्हाईत. म्हनले, पदर खाली घे, लोक येतील. मंग लोक आले तवा त्यांनीच सांगितलं, पदर व्हता, पोरीला दिसलं न्हाई."

समोर चिखलीच्या बाजूला कुणीतरी म्हशी धूत होतं. मागं वळून दादांकडं जावं असं मला वाटलं का, असं कुणी विचारलं तर, नाही वाटलं. जाऊन काय म्हणणार होतो? पहाटे मशीनवर हजर व्हायचं होतं. ते मशीन मी जिंकून घेतलेलं होतं, आणि ते कुणामुळं मिळालं, कुणाच्या जिवावर, हे मोजायला मी त्या दिवशीही बसलो नाही आणि आजही बसणार नाही. मी म्हणालो होतो आणि मी झालो होतो.

तिनं पदर परत ओढला नाही. गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि माझ्या आधी पाण्यात उतरली. मधे गेल्यावर थांबून तिनं विचारलं,

"खोली केवढी हाय?"

"पडवी हाय. साताऱ्याकडच्या लोकांची."

"भिताड हाय का तिला?"

"एका बाजूला."

"बरं," म्हणाली, आणि पलीकडं निघाली.